सरळ टांगलेले दिवे

ट्राउडे पाव्हलाकचा राग गेल्सनकिर्शनच्या त्या जुन्या खाणकामगार वस्तीत सगळ्यांच्या ओळखीचा होता. उभं आयुष्य तिने ट्राम चालवली. रुळावर कुणी मोटार लावून पाव आणायला गेला असेल, तर बाकीचे चालक घंटा बडवत बसायचे. ट्राउडे घंटेला हात लावत नसे. ती ट्राम थांबवायची, खाली उतरायची आणि बेकरीत शिरून त्या माणसाला रांगेतून बाहेर काढायची. उशीर होतोय म्हणून तिच्या ट्राममधले प्रवासी कधी कुरकुरले नाहीत, ते खिडकीला नाक लावून बघत बसत. पुढे तिची पाठ गेली. डॉक्टर म्हणाले चालकाच्या खुर्चीमुळे. तिचा नवरा लोथार म्हणायचा, खुर्चीत बसून नव्हे, खुर्चीतून उतरून उतरून गेली.

या बाईला गप्प बसवणारी जगात एकच गोष्ट होती, ती म्हणजे तिची खाऱ्या पाण्याची टाकी. टाकीत मासे मोजकेच, सगळी दौलत प्रवाळांची. घरी आली की कोट न काढता ती टाकीसमोर उभी राही आणि त्या वेळात तिच्याशी बोललेलं लोथारला महागात पडे.

सेवेतून निवृत्त झाल्यावर तिने मोठी टाकी करून घेतली. जेवणाच्या खोलीतलं कपाट गेलं, टेबल गेलं, लोथारच्या आईने दिलेला सोफाही गेला आणि भिंतभर अडीच मीटर लांबीची काच आली. टाकी बसवणं सोपं नव्हतं, कारण पाव्हलाकांचं घर कललेलं होतं. वस्तीतली सगळीच घरं कललेली. खालून पिढ्यान्‌पिढ्या कोळसा काढला, मग जमीन बसली, आणि घरं बसली ती खिडकीच्या बाजूला जरा जास्त. ताटलीतलं सूप एका अंगाला साचतं आणि हातातून निसटलेला वाटाणा आपला आपण खिडकीखाली जाऊन थांबतो, याचं तिथे कुणाला नवल नाही. टाकी मात्र सपाट पाण्याच्या हिशेबाने बसवावी लागते, नाहीतर काच फुटते. म्हणून टाकीच्या बैठकीखाली खिडकीच्या बाजूला जाड लाकडी पाचरी मारल्या. त्यामुळे झालं असं, की कललेल्या खोलीत ती एकटी टाकी तेवढी सरळ, आणि बघणाऱ्याला वाटे की तीच वाकडी आहे.

मग दिव्यांचा प्रश्न आला. जुने दिवे हॅलाइड बल्बांचे, पत्र्याच्या पेटीएवढे जड, त्यांच्या उष्णतेने खोलीत हिवाळ्यातही अंगावर एकच सदरा पुरायचा. पण टाकीची लांबी त्यांना पेलत नव्हती. मधल्या भागात लख्ख ऊन आणि दोन्ही टोकांना तिन्हीसांजा. त्यांचे बल्बही आता धड मिळेनात. नवे एलईडीचे घ्यायचे इथपर्यंत ट्राउडेचं ठरलं होतं. कोणते, किती, आणि पाण्यापासून किती उंचीवर, हे काही ठरत नव्हतं.

त्यासाठी तिने खोक्यांचे पुठ्ठे कापले. दिव्यांच्या मापाच्या लांब पट्ट्या केल्या आणि दोऱ्याने छताला टांगल्या. मग एका हाताने पट्टीच्या जागी विजेरी धरायची, दुसऱ्या हाताने काचेवरचा पडदा सारायचा आणि सावली कुठे पडते ते बघायचं. प्रवाळाच्या वरच्या फांद्या खालच्या फांद्यांवर सावली धरतात, आणि सावलीतली फांदी बुडापासून मरत येते. म्हणून उजेड एकाच जागेवरून येऊन चालत नाही, थोडा पुढून यायला हवा, थोडा मागून. अख्खा हिवाळा ती पट्ट्या बोटभर इकडे आणि बोटभर तिकडे सरकवत होती. लोथारचं डोकं रोज पुठ्ठ्यावर आपटे. मुलगी मारेन रविवारी केक घेऊन आली की विचारायची, आई, खरे दिवे कधी. ट्राउडे म्हणायची, लागायचे तेव्हा लागतील.

तिची भीती उगाच नव्हती. प्रवाळ हे जनावर खरं, पण ते पोट भरतं उजेडावर. अंगात ते एक बारीक शेवाळ पाळतं, आणि ते शेवाळ उजेडात अन्न शिजवून त्याला देतं. उजेड कमी पडला तर ते उपाशी राहतं. एकाएकी जास्त पडला तर ते शेवाळ अंगाबाहेर टाकून देतं, पांढरं पडतं आणि बहुतेकदा मरतं. त्यातून या नव्या दिव्यांचा निळा उजेड फसवा. माणसाच्या डोळ्याला तो मंद, जवळजवळ अंधारासारखा वाटतो, आणि पाण्यातल्या प्रवाळाला तोच भर दुपारसारखा भाजतो. दिवा डोळ्याने ठरवायचा नाही, हा ट्राउडेचा नियम होता. पण मग कशाने ठरवायचा, इथे येऊन ती अडे. शहरातल्या प्रवाळवाल्यांच्या क्लबकडे उजेड मोजायचं यंत्र होतं, पण ते नॉर्बर्ट कुचेराच्या ताब्यात असे आणि नॉर्बर्टकडे काही मागायचं तिच्या जिवावर येई.

त्याचं कारण होतं जाडी. टाकीच्या खिडकीकडच्या टोकाला हरणाच्या शिंगांसारख्या फांद्यांचं एक थोरलं प्रवाळ होतं, हिरवं, टोकांना जांभळं. बंद पडणाऱ्या एका दुकानाच्या टाकीच्या तळातून ट्राउडेने त्याचा नखाएवढा तुकडा आणला होता. मारेन तेव्हा शाळेत होती. आता तिचं लग्न झालं होतं आणि तो तुकडा मिठीत मावणार नाही एवढा वाढला होता. घरात सगळे त्याला जाडी म्हणत.

दर महिन्याला बोलिंगच्या क्लबाच्या मागच्या खोलीत प्रवाळवाले जमायचे. बिअर, कांदा घातलेला कच्च्या खिम्याचा पाव आणि प्लास्टिकच्या डब्यांतून आणलेले तुकडे. आपल्या चांगल्या प्रवाळाचा तुकडा तोडून दुसऱ्याला द्यायचा, पैसे घ्यायचे नाहीत. आपलं मेलं तर त्याने आपल्याला परत एक द्यायचा. शेजाऱ्याकडे घराची जादा किल्ली ठेवावी तसं ते होतं. कितीतरी जणांनी जाडीचा तुकडा मागितला, नॉर्बर्टने तर वर्षानुवर्षं मागितला. नॉर्बर्ट म्हणजे शाळेचा निवृत्त राखणदार, गोड बोलणारा, मिशा कातरलेला. ट्राउडेने कुणालाच दिला नाही. प्रत्येकाच्या दिव्यात तिला खोट दिसे. नॉर्बर्टला तर तिने भरल्या टेबलावर सुनावलं होतं, की तुझ्या टाकीत उजेड नाहीये, नाचगाण्याचा बार आहे, आणि माझी जाडी तिथे नाचायला येणार नाही. सगळे हसले. नॉर्बर्टही हसला, पण त्याने पुन्हा कधी विचारलं नाही.

वसंतात आरोग्य विम्याकडून पत्र आलं आणि ट्राउडेला पाठीच्या उपचारांसाठी तीन आठवडे साउरलांडच्या डोंगरात पाठवण्यात आलं. चिखलाचे लेप, पाण्यातला व्यायाम आणि बिनमिठाचं जेवण. जाताना तिने लोथारला सांगितलं, माशांना खायला घाल, आटलेलं पाणी भर, आणि बाकी कशालाही हात लावू नकोस. रोज संध्याकाळी ती फोन करून पाण्याचं तापमान विचारी. लोथार आकडा सांगे आणि म्हणे, सगळं छान आहे. त्याचा आवाज जरा जास्तच खूश होता. तिला वाटलं, घर एकट्याला मिळालंय, म्हणून असेल.

ती परतली त्या दिवशी मारेनचा नवरा टॉर्बेन स्टेशनवर घ्यायला आला. तो स्वयंपाकघरं विकायच्या दुकानात होता आणि त्याला कुठलीही गोष्ट पडदा बाजूला करून दाखवायची सवय होती. घरात कॉफी मांडलेली, चेरीचा केक, मारेन नवा ब्लाउज घालून उभी. जेवणाच्या खोलीचं दार बंद होतं. लोथारने ट्राउडेच्या डोळ्यांवर मागून हात धरले. त्याच्या हातांना साबणाचा वास येत होता. निवृत्तीची भेट, तो म्हणाला, आम्ही तिघांनी मिळून. दार उघडलं. टॉर्बेनने फोनवर बोट फिरवलं.

खोली निळी झाली. छताखाली चकचकीत काळ्या पट्ट्यांची एक ओळ टांगलेली होती, साखळ्या सगळ्या सारख्या लांबीच्या. पुठ्ठे गेले होते. टाकीच्या दाराकडच्या टोकाला प्रवाळ बिचकून आखडून बसलेलं. आणि खिडकीकडच्या टोकाला, पाण्यात, खडूची एक मोठी फांदी उभी होती.

"आणि जाडी बघ, ट्राउडे," टॉर्बेन म्हणाला. "कशी उजळलीये. आधी नुसतीच हिरवट होती."

 मारेनने नंतर नवऱ्याला सांगितलं, की आई बोलली नाही तेव्हाच आपण निघायला हवं होतं. ट्राउडे वाकली, पाठीतून कळ आली तरी वाकली, आणि भिंतीतला प्लग ओढून काढला. खोलीत साधा दिवसाचा उजेड उरला, आणि त्या उजेडात जाडी आणखीनच पांढरी दिसली.

"दिवे कुणी टांगले?"

लोथार म्हणाला, मी.

"आणि उजेड किती वर नेला होता?"

टॉर्बेनने सांगितलं, पूर्ण. निळा पूर्ण, कारण बाकीच्या घरातल्या दिव्यांपुढे अगदी अंधार वाटत होता. आल्या आल्या तिला नीट दिसावं म्हणून. पहिल्याच आठवड्यात बसवलं, म्हणजे ती येईपर्यंत सगळं रुळेल.

मग तिने घर डोक्यावर घेतलं. टॉर्बेनला ती म्हणाली, की तुझ्या दुकानातल्या नळाला पाणी येत नाही, कारण ते दाखवायचे नळ असतात, आणि तुझं डोकंही तसंच दाखवायचं आहे. मारेनला म्हणाली, की तू या घरात वाढलीस, तुला जाडीचा रंग माहीत नाही? मारेन रडायला लागली. टॉर्बेनने बायकोचा कोट घेतला, स्वतःचा कोट घेतला, आणि गोंधळात केकही घेतला. मोटार सुरू झाल्याचा आवाज आला. लोथार दारात उभा होता. त्याला जायला जागा नव्हती, घर त्याचंच होतं.

ट्राउडेने शिडी मागितली. चढू नकोस, पाठ बघ, असं तो म्हणाला, तर तिने फक्त त्याच्याकडे पाहिलं. तो शिडी घेऊन आला. वर चढून तिने दिव्यापासून पाण्यापर्यंत हात धरून पाहिला. दाराच्या टोकाला कोपरापर्यंतचं अंतर होतं. खिडकीच्या टोकाला त्याहून चांगलं चार बोटं कमी. दिवे पाण्याला धरून नव्हते, छताला धरून होते. आणि छत कललेलं होतं.

"माझे पुठ्ठे असे नव्हते," ती वरून म्हणाली. "दाराकडचे दोरे लांब होते, खिडकीकडचे आखूड."

"वाकडे होते," लोथार म्हणाला. "मी सरळ केले."

"सरळ?"

"ट्राउडे, छताला समांतर. सगळं आपण तसंच टांगतो. पडद्याचे दांडे, आईचा फोटो, स्वयंपाकघरातली फळी. पाणसळ लावून टांगलं की डोळ्याला वाकडं दिसतं, तूच म्हणतेस."

हे खरं होतं. वस्तीत कुणीच घरात पातळी मोजायची पाणसळ वापरत नाही. खोलीला धरून टांगायचं, म्हणजे सगळं मिळून सरळ दिसतं. लोथारने आयुष्यभराच्या सवयीने टांगलं होतं, मनापासून, प्रत्येक साखळी मोजून. तो खोटं बोलला असता तर तिला बरं वाटलं असतं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"आधी घराखालची जमीन खोदून काढलीस," ती म्हणाली, "आणि आता डोक्यावरून हे. माझं पाणी तेवढं सरळ होतं या घरात. तेवढंच एक."

लोथारने खरंच खाणीत काम केलं होतं, पण या घराखाली नव्हे. एरवी हा टोमणा ऐकून तो हसला असता. आज त्याने जे म्हणायला नको होतं ते म्हटलं. "तू कधीच लावले नसतेस," तो म्हणाला. "अख्खा हिवाळा पुठ्ठे. पुढचा हिवाळाही पुठ्ठेच. जुने बल्ब जाऊन अंधारात बसली असतीस, पण लावले नसतेस."

त्या रात्री तो वरच्या खोलीत झोपला, आणि पुढचे कितीतरी दिवस सकाळी कॉफी घेऊन थेट आपल्या भाड्याच्या बागेत जात राहिला. तिथल्या झोपडीत त्याने शेगडीही नेली.

ट्राउडे एकटी टाकीशी झगडत राहिली. खिडकीच्या डास-जाळीचा गुंडाळा कापून तिने टाकीच्या तोंडावर थरावर थर अंथरले, म्हणजे दिवा लावला तरी उजेड गाळून खाली जाईल. टॉर्बेनला फोन करून तिने दिवा कसा कमी करायचा ते विचारलं, आणि दिवा लावायला फोन लागतो हे कुणा गाढवाचं डोकं, हेही विचारलं. तो बिचारा नीट सांगत राहिला. पण जाडी परत रंगावर येईना. उलट बुडापासून तिची कातडी सुटायला लागली. पाण्याच्या झोताबरोबर पांढऱ्या चिंध्या तरंगत आणि गाळणीत अडकत. ट्राउडे सकाळ-संध्याकाळ गाळणी धूत होती आणि बडबडत होती, लोथारवर, दिवे बनवणाऱ्यांवर, विमा कंपनीवर, डोंगरातल्या त्या मुलीवर जी तिला पाण्यात पाय उचला म्हणायची. टाकीसमोर ती आता गप्प बसत नव्हती. तिथेच ती सर्वांत जास्त बोलत होती.

एका सकाळी विजेरी लावून तिने जाडी नीट पाहिली. दिव्यापासून सर्वांत लांब, खोलीच्या आतल्या अंगाला, खालच्या दोन-तीन फांद्यांवर अजून हिरवट झाक होती. बाकीचं सगळं गेलं होतं, आणि मरणारं मांस त्या फांद्यांकडे सरकत होतं. थांबण्यात अर्थ नव्हता. जिवंत फांद्या तोडायच्या आणि दुसऱ्या चांगल्या पाण्यात, ठरलेल्या उजेडाखाली ठेवायच्या, एवढा एकच मार्ग उरला होता. आणि दुसरं पाणी तिच्याकडे नव्हतं. शेजाऱ्याकडे किल्ली ठेवलेली नव्हती. अख्ख्या शहरात, अख्ख्या जिल्ह्यात, जाडीचा एक तुकडा कुणाकडे नव्हता, आणि हे काही लोथारने केलेलं नव्हतं.

हे कळलं तेव्हा तिचा राग कमी झाला नाही. तो फक्त जायचा कुठे ते त्याला कळेना. तिने बागेत फोन केला. पाठीमुळे मला मोटार चालवायला मनाई आहे, ती लोथारला म्हणाली, तू ये आणि चालव. बोलायचं नाही.

मोठ्या पक्कडीने तिने फांद्या तोडल्या आणि पाण्याच्या डब्यात ठेवल्या. डबा लोथारने मांडीवर धरला तसा ट्राउडेने तो हिसकून स्वतःच्या मांडीवर घेतला, कारण लोथार चालवणार होता. दोघं नॉर्बर्ट कुचेराच्या घरी गेली. तो दोन गल्ल्या पलीकडेच राहत होता.

नॉर्बर्टने दार उघडलं. त्याने तिच्याकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं, आणि मिशीवरून बोट फिरवलं.

"ट्राउडे," तो म्हणाला. "आज बारला बारा वाजताच सुरुवात?"

डबा त्याच्या तोंडावर फेकावासा तिला वाटला. तिने तो दोन्ही हातांनी घट्ट धरला. लोथार मागे उभा होता, आणि तिला माहीत होतं की तो या क्षणी हसत नाहीये. त्याचाही तिला राग आला.

"जाडी मेली," ती म्हणाली. "हे उरलंय. माझ्या टाकीचा भरवसा नाही. तुझ्याकडे ठेव."

"माझ्या बारमध्ये."

"हो, तुझ्या बारमध्ये. माझ्या घरात याहून वाईट बार आहे."

नॉर्बर्टचा चेहरा बदलला. त्याने डबा घेतला आणि पुढे काही टोमणा मारला नाही. आत त्याने मोजायचं यंत्र काढलं, काडीच्या टोकाला बसवलेली वाटाण्याएवढी काच पाण्यात सोडली, आणि ट्राउडेला आकडा वाचायला लावला. वरचा आकडा, मधला आकडा, तळातला आकडा. तळाशी, एका खडकाच्या आडोशाला तो सर्वांत कमी होता. तिथे ठेवू, नॉर्बर्ट म्हणाला. पण तिने आकड्यावर विश्वास ठेवला नाही, दिवा आणखी कमी करायला सांगितलं. नॉर्बर्ट म्हणाला, माझी प्रवाळं उपाशी राहतील त्याचं काय. ट्राउडे म्हणाली, त्यांना सवय आहे, या पाण्यात ती कधी पोटभर जेवली आहेत का. तेवढ्यावर लोथार बोलला. दिवसभरात तो एवढंच बोलला.

"ठेव ना रे बाबा जरा कमी," तो नॉर्बर्टला म्हणाला. "दोन आठवडे. माझ्यासाठी."

नॉर्बर्टने ठेवला.

त्यानंतर ट्राउडे दर गुरुवारी नॉर्बर्टकडे जात राहिली. जाऊन ती त्याच्या टाकीत, त्याच्या दिव्यांत, त्याच्या पाण्यात, त्याच्या कॉफीत खोट काढायची. घरची जाडी पांढऱ्या हाडांचा सांगाडा होऊन उभी होती, आणि ट्राउडे तो बाहेर काढू देत नव्हती. बागेतून लोथार परत खालच्या खोलीत झोपायला आला होता, पण ती त्याच्याशी कामापुरतंच बोलत होती. बटाटे. कचऱ्याचा दिवस. मारेनचा वाढदिवस. टॉर्बेन रविवारी आला की दाराशीच चपला काढून शहाण्या मुलासारखा बसायचा.

नॉर्बर्टकडच्या तीन तुकड्यांपैकी दोन गेले. तिसऱ्याने बुडाशी खडकावर नवी कातडी पसरली, पातळ, हिरव्या रंगाची, आणि मग टोकाला एका सकाळी जांभळा ठिपका आला. नॉर्बर्टने फोन केला नाही. गुरुवारी ती आली तेव्हा त्याने तिला दाखवलं आणि तो बाजूला उभा राहिला. ट्राउडे बराच वेळ वाकून पाहत होती. मग ती म्हणाली, की डावीकडून पाणी जोरात येतंय, ते कमी कर.

उन्हाळ्यात तुकडा तोडण्याएवढा वाढला. नॉर्बर्टने तो स्वतःच तोडला, अर्धा, आणि डब्यात घालून म्हणाला, घेऊन जा, परतीचा. ट्राउडेने तो डोळे बारीक करून पाहिला. तुझ्याकडे अर्धा राहू दे, ती म्हणाली. हे तिला सांगावं लागलं नसतं, नॉर्बर्टने तो ठेवलाच होता. पण तिने सांगितलं, रागावल्यासारखं. पुढच्या महिन्यात क्लबच्या टेबलावर आणखी दोघांना तुकडे द्यायचे, हेही तिने सांगितलं. कुणाला, ते तिने मोजून दाखवलं, आणि प्रत्येकाच्या दिव्याला नाव ठेवलं.

घरी आल्यावर तिने लोथारला सांगाडा बाहेर काढायला सांगितला. मग शिडी आणायला सांगितली. साखळ्या पाण्याला धरून, ती म्हणाली, दाराकडच्या लांब, खिडकीकडच्या आखूड. लोथारने पाणसळ आणली. टाकी बसवल्यानंतर त्या घरात ती पहिल्यांदाच बाहेर निघाली असेल. तो वर चढून एकेक साखळी सोडत आणि कडी पुढे अडकवत होता, ती खालून सांगत होती, आणि दोनदा तिला तो चुकतोय असं वाटलं, दोन्ही वेळा तो बरोबर होता. दिवे टांगून झाले तेव्हा खोली अगदी वेडीवाकडी दिसायला लागली. 

टॉर्बेनला बोलावलं होतं. तो फोन हातात धरून सोफ्याच्या जागी उभा राहिला आणि त्याने विचारलं, किती टक्के.

ट्राउडे टाकीसमोर उभी होती, हातात डबा. मोजायचं यंत्र नॉर्बर्टने दिलं होतं, ते काचेवर ठेवलेलं होतं. आकडा तिला सांगायचा होता. पुठ्ठ्यांमागे लपून सगळा हिवाळा जे टाळलं ते हेच होतं, आणि ते लोथारने तोंडावर म्हटलं होतं, म्हणून तिला आताही त्याचा राग येत होता. तो शिडीवर बसून होता. तो तिच्याकडे बघत नव्हता, साखळीकडे बघत होता. हे त्याने मुद्दाम केलं, हे तिला कळलं.

"दहा," ती म्हणाली.

"फक्त दहा? काहीच दिसणार नाही, ट्राउडे."

"दहा. महिन्याने बघू. आणि अंधार वाटतोय असं ज्याला म्हणायचंय त्याने बागेत जाऊन म्हणावं."

टॉर्बेनने बोट फिरवलं. खोलीत जेमतेम निळसर झाक आली, जणू कुणी दार थोडंसं उघडून ठेवलंय. ट्राउडेने बाही वर सारली, हात खांद्यापर्यंत पाण्यात घातला आणि तुकडा तळाशी, खडकाच्या आडोशाला बसवला. पाठीतून कळ आली. लोथार शिडीवरून उतरू लागला, तशी ती पाण्यात हात तसाच ठेवून त्याच्यावर ओरडली, की शिडी हलवू नकोस, पाणी गढूळ होईल.